घोडे मोजणारा कारागीर

माझा नातू सातवीत शिकतो. गेल्या दिवाळीच्या सुटीत तो पुण्याहून धाराशिवला आला, तेव्हा त्याच्या पिशवीत कपड्यांच्या घड्यांमध्ये जपून ठेवलेले एक पितळी इंजिन होते. तळहातावर मावेल एवढे. खाली स्पिरिटचा दिवा, वर पाण्याचा चिमुकला बॉयलर, बाजूला करंगळीच्या पेराएवढे सिलिंडर आणि त्याला जोडलेले एक जड चाक. दिवा लावून पाच-सात मिनिटे वाट पाहिली की वाफ धरते. मग चाकाला बोटाने एक टिचकी द्यायची. ते असे काही भिरभिरू लागते, की घरातल्या सर्वांनी हातातली कामे टाकून बघत राहावे. आमच्या सौभाग्यवती तर करंज्यांचा झारा तसाच हातात धरून बाहेर आल्या.

पाहून झाल्यावर नातवाने मला विचारले, की हे इंजिन किती हॉर्सपॉवरचे असेल?

प्रश्न साधा होता, पण मी चपापलो. मी चौतीस वर्षे बँकेत काढली. त्यांतली बरीचशी शेतीकर्जाच्या टेबलावर. पाच हॉर्सपॉवर, साडेसात हॉर्सपॉवर हे शब्द कर्जाच्या अर्जांवर, दुकानदारांच्या कोटेशनांवर, तारणाच्या कागदांवर मी इतक्या वेळा वाचले आणि लिहिले, की ते मला स्वतःच्या सहीइतके परिचयाचे आहेत. पण ही शक्ती मोजतात कशी, हे एवढ्या वर्षांत मला कोणी विचारले नव्हते. नाही म्हणायला एका शेतकऱ्याने विचारले होते. त्याची गोष्ट मी शेवटी सांगणार आहे. आधी ज्या माणसाने ही घोड्यांची मोजणी सुरू केली, त्याच्याविषयी. कारण त्याच्या आयुष्याची सुरुवातही अशाच एका खेळण्याएवढ्या इंजिनापासून झाली होती.

* * *

जेम्स वॅटचे नाव आपण सारे शाळेत ऐकतो. आमच्या गुरुजींनीही ते सांगितले होते. चुलीवर किटली, किटलीचे झाकण वाफेने थडथडते आहे, छोटा जेम्स टक लावून पाहतो आहे आणि त्यातून त्याला वाफेच्या इंजिनाची कल्पना सुचते. येडशीच्या स्टेशनात बार्शी लाइटचे काळे इंजिन फुसफुसत उभे राहिलेले पाहिले की मला त्या किटलीची आठवण येई. १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचलेली ती अरुंद रुळांची गाडी म्हणजे आमच्या भागाला झालेली वाफेची ओळख. फार उशिरा मला कळले, की वॅटच्या जन्माआधीच इंग्लंडच्या खाणींवर वाफेची इंजिने पाणी उपसत होती. टॉमस न्यूकोमेन नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने त्यांतले पहिले यशस्वी इंजिन १७१२ मध्ये उभे केले होते. वॅटने वाफेचे इंजिन शोधले नाही. त्याने ते मोजले, आणि मोजताना त्यातली उधळपट्टी त्याच्या ध्यानात आली.

वॅटचा जन्म जानेवारी १७३६ मधला, स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉक या बंदराच्या गावचा. वडील जहाजांची कामे करीत आणि जहाजांना लागणाऱ्या सामानाचा व्यापार करीत. मुलगा प्रकृतीने नाजूक; डोकेदुखी तर जन्मभर सोबतीला राहिली. शाळेत फारसे जाता आले नाही. लिहिणे-वाचणे घरीच आईजवळ झाले, आणि वडिलांच्या कारखान्यात एका कोपऱ्यात त्याला स्वतःची छोटी हत्यारे मिळाली. होकायंत्रे, दुर्बिणी, कोन मोजण्याची साधने दुरुस्तीला येत, ती तो उघडून बघे. हा मुलगा पुढे होणार होता तो मोजमापाची साधने बनवणारा कारागीरच.

आई गेली आणि पाठोपाठ वडिलांचा धंदाही बसला. १७५५ मध्ये एकोणीस वर्षांचा जेम्स काम शिकायला लंडनला गेला. रीतीप्रमाणे सात वर्षांची उमेदवारी करावी लागे. एवढा काळ थांबायला ना पैसा होता ना प्रकृती. वीस गिनी देऊन त्याने एका कारागिराकडे वर्षभर राब राब राबून ते काम शिकून घेतले आणि खोकत खोकत तो स्कॉटलंडला परतला. ग्लासगो शहरात दुकान टाकायचे ठरवले, तर तिथल्या कारागिरांच्या संघाने हरकत घेतली, कारण सात वर्षांचा दाखला नव्हता. शेवटी ग्लासगो विद्यापीठाने १७५७ मध्ये त्याला आपल्या आवारात एक खोली दिली. विद्यापीठाच्या हद्दीत शहरातल्या संघाचे चालत नसे. तिथे त्याला जोसेफ ब्लॅक हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि जॉन रॉबिसन नावाचा विद्यार्थी असे दोन मित्र मिळाले. एका कमी शिकलेल्या कारागिराच्या खोलीत प्राध्यापक गप्पा मारायला येऊन बसू लागले.

* * *

१७६३ च्या हिवाळ्यात विद्यापीठाने त्याच्याकडे एक काम दिले. वर्गात मुलांना दाखवण्यासाठी न्यूकोमेनच्या इंजिनाची एक छोटी प्रतिकृती होती. सिलिंडरचा व्यास दोन इंच, दट्ट्याची धाव सहा इंच. ती नीट चालत नव्हती. लंडनच्या एका नामांकित कारागिराकडे पाठवूनही उपयोग झाला नव्हता. वॅटने ती दुरुस्त केली. तरीही ती चार-सहा वेळा धापा टाकी आणि वाफ संपून बंद पडे. मोठी इंजिने खाणींवर दिवसरात्र चालत होती, आणि तंतोतंत त्यांच्यासारखी बनवलेली ही प्रतिकृती मात्र चालत नव्हती.

दुसरा कोणी असता तर त्याने बॉयलर जरा मोठा करून दिला असता आणि मजुरी घेतली असती. वॅट मोजत बसला. किती पाण्याची किती वाफ होते, सिलिंडर एकदा भरायला किती वाफ पुरायला हवी आणि प्रत्यक्षात किती लागते. हिशेब मांडला तेव्हा तो चकित झाला. लागायला हवी त्याच्या कितीतरी पट वाफ खर्च होत होती.

कारण समजून घ्यायला स्वयंपाकघरात डोकवावे. पातेलेभर दूध बराच वेळ गरम राहते, वाटीभर दूध लगेच निवते. वस्तू लहान केली की तिच्या पोटात मावते ते भराभर कमी होते, पण उष्णता बाहेर टाकणारी तिची पाठ त्या मानाने कमी होत नाही. लांबी, रुंदी, उंची निम्मी केली तर आतली जागा आठवा हिस्सा उरते, पृष्ठभाग मात्र चौथा हिस्सा. त्या प्रतिकृतीची नेमकी हीच अडचण होती. न्यूकोमेनच्या इंजिनात आधी वाफ सिलिंडरमध्ये भरायची, मग आत थंड पाण्याचा फवारा मारायचा. वाफेचे पाणी झाले की आत पोकळी होई आणि बाहेरची हवा दट्ट्याला खाली दाबी. म्हणजे दर फेरीला सिलिंडर तापवायचे आणि दर फेरीला तेच निववायचे. बरीचशी वाफ काम करण्याऐवजी सिलिंडरचे लोखंड तापवण्यातच संपे. मोठ्या इंजिनांतही हीच नासाडी होती, पण खाणीच्या तोंडाशी कोळसा ढिगाने पडलेला असल्यामुळे ती कोणाला टोचत नव्हती. ती दिसली ती या छोट्या इंजिनात, कारण लहान आकारात तिचे प्रमाण फुगून समोर आले.

वाफेचे पाणी होताना ती किती उष्णता सोडते, हेही वॅटने मोजले. एक भाग वाफेने सुमारे सहा भाग थंड पाण्याला उकळी येते हे पाहून तो बुचकळ्यात पडला. ब्लॅकने त्याला या गुप्त उष्णतेचा उलगडा करून सांगितला. ती त्याने आधीच शोधलेली होती.

दोन वर्षे हा प्रश्न डोक्यात घोळत राहिला. मे १७६५ मधल्या एका रविवारी दुपारी वॅट ग्लासगोच्या हिरवळीवर एकटाच फिरायला गेला होता, आणि चालता चालता त्याला उत्तर सुचले. सिलिंडर निववायचेच कशाला? ते कायम गरम राहू द्यावे. शेजारी दुसरे, थंड राहणारे भांडे जोडावे आणि वाफेला निवण्यासाठी तिकडे बोलवावे. बस, एवढेच. स्कॉटलंडमध्ये रविवारी काम करण्याची रीत नव्हती, त्यामुळे हत्यार हातात धरायला त्याला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे लागले. एक पितळी पिचकारी सिलिंडर म्हणून घेऊन त्याने नवी प्रतिकृती तयार केली, आणि ती चालली.

* * *

आता माझ्यातला बँकवाला जागा होतो. कल्पना सुचणे आणि तिचा धंदा होणे यांत वॅटची अकरा वर्षे गेली. या काळात तो सतत कर्जात होता. लग्न झाले होते, मुले होती. जॉन रोबक नावाच्या कारखानदाराने त्याचे सुमारे हजार पौंडांचे देणे फेडले आणि बदल्यात पेटंटचा दोन तृतीयांश हिस्सा घेतला. पेटंट जानेवारी १७६९ मध्ये मिळाले. पण इंजिन काही नीट होईना. सिलिंडर आतून गुळगुळीत गोल कापता येत नव्हते, दट्ट्याच्या कडेने वाफ निसटत होती. पोट भरण्यासाठी वॅट कालव्यांची मोजणी करीत थंडीवाऱ्यात डोंगर तुडवत होता. १७७३ मध्ये दोन आघात झाले. रोबकचे दिवाळे निघाले. आणि वॅट दूर उत्तरेकडे मोजणीच्या कामावर असताना पत्नी बाळंतपणात अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. तो घरी पोहोचला तेव्हा ती गेली होती.

रोबकच्या सावकारांनी मालमत्तेची यादी केली, तेव्हा वॅटच्या इंजिनातल्या हिश्श्याची किंमत त्यांनी एक फर्दिंगही धरली नाही. मी त्यांना दोष देत नाही. त्या टेबलावर मी असतो तर मीही त्या रकान्यात शून्यच लिहिले असते. मॅथ्यू बोल्टन या बर्मिंगहॅमच्या कारखानदाराने मात्र तो हिस्सा आपल्या बाराशे पौंडांच्या येण्यापोटी घेतला. १७७४ मध्ये वॅट बर्मिंगहॅमला गेला. पुढल्या वर्षी पार्लमेंटने त्याच्या पेटंटची मुदत १८०० पर्यंत वाढवून दिली. जॉन विल्किन्सन या लोहाराधिपतीने तोफा कापण्यासाठी केलेल्या यंत्रावर त्याला हवे तसे सिलिंडर मिळू लागले, आणि १७७६ मध्ये पहिली दोन मोठी इंजिने सुरू झाली.

धंद्याची त्यांची रीत मोठी मजेदार होती. इंजिनाची किंमत ते घेतच नसत. सुटे भाग गिऱ्हाइकाने आणायचे, वॅटच्या माणसांनी उभारून द्यायचे. जुन्या इंजिनाच्या मानाने जेवढा कोळसा वाचेल, त्या बचतीचा तिसरा हिस्सा दरवर्षी बोल्टन आणि वॅटला द्यायचा. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला कॉर्नवॉलच्या तांब्याच्या आणि कथलाच्या खाणींवर कोळसा समुद्रमार्गे आणावा लागे, म्हणून तिथे या इंजिनांना मोठी मागणी आली. पण बचत मोजायची कोणी? खाणमालक म्हणणार, इंजिन कमी चालले. वॅट म्हणणार, जास्त चालले. त्यावर तोड म्हणून इंजिनाच्या तुळईवर फेऱ्या मोजणारे एक यंत्र बसवले. ते कुलूपबंद पेटीत ठेवले आणि किल्ली स्वतःच्या माणसाकडे ठेवली. आपल्या घरच्या विजेच्या मीटरला सील असते, त्याचा हा पणजोबा म्हणायचा. खाणमालक कुरकुरत आणि पैसे थकवत, पण आकड्यावर वाद घालणे अवघड झाले.

* * *

आणि मग घोडे आले. १७८० नंतर वॅटने इंजिनाच्या वर-खाली हालचालीतून चाक फिरवण्याची सोय केली. आता गिरणीवाले, दारू गाळणारे, कापूस कातणारे गिऱ्हाईक म्हणून येऊ लागले. पण त्यांच्याकडे जुने इंजिन नव्हतेच. मग कोळशाची बचत कशाशी ताडून पाहायची? त्यांच्याकडे होते घोडे. आपल्याकडे उसाच्या चरकाला किंवा तेलाच्या घाण्याला बैल जुंपत, तसे त्यांच्याकडे गिरणीला घोडे गोल फिरत. हे इंजिन घेतले तर माझे किती घोडे वाचतील, हा त्यांचा सरळ प्रश्न होता.

इंजिनाची तुलना घोड्यांशी करण्याची कल्पना वॅटच्या आधीची आहे. टॉमस सेव्हरीने आठ दशकांपूर्वी ती मांडली होती. स्मीटनसारख्या इंजिनिअरांनी घोड्याच्या कामाचे आकडेही काढले होते, पण प्रत्येकाचा घोडा वेगळा होता. वॅटने गिरणीतला घोडा घेतला. तो १२ फूट त्रिज्येच्या वर्तुळात फिरतो, तासाला १४४ फेऱ्या मारतो आणि सुमारे १८० पौंडांच्या जोराने ओढतो. गुणाकार केला तर मिनिटाला ३२,५७२ येतात. त्याने तो आकडा ३३,००० धरला. म्हणजे ३३,००० पौंड वजन एका मिनिटात एक फूट उचलणे ही एका घोड्याची शक्ती. आपल्या भाषेत सांगायचे, तर पाऊण क्विंटलाहून जरा जड पोते एका सेकंदात एक मीटर वर उचलायचे, आणि असे दर सेकंदाला उचलत राहायचे.

कोणताही साधा घोडा दिवसभर एवढे काम करीत नाही. वॅटचा घोडा दांडगा होता, आणि त्यातच धंद्याचे शहाणपण होते. दहा घोड्यांचे इंजिन घेणाऱ्याला दहा घोड्यांहून जास्तच काम मिळे, कमी मिळाल्याची तक्रार उरत नसे. दर घोड्यामागे वर्षाला पाच पौंड, लंडनमध्ये सहा, असे भाडे ठरले. मोजणारा विकणारा होता हे खरे, पण त्याने माप गिऱ्हाइकाच्या बाजूला झुकते धरले होते. आमच्या बाजारात शेंगा मोजून देताना शेर भरल्यावर वर आणखी मूठभर टाकण्याची रीत होती, तसे.

पुढे त्याने इंजिनाच्या पोटात डोकावणारे एक साधन केले. एक छोटे सिलिंडर, त्यात स्प्रिंग लावलेला दट्ट्या. ते इंजिनाला जोडले की आतल्या वाफेचा दाब काट्यावर दिसे. १७९६ च्या सुमारास त्याचा मदतनीस जॉन सदर्न याने त्याला पेन्सिल आणि सरकता कागद जोडला. इंजिन स्वतःच्याच एका फेरीचा आलेख काढू लागले, आणि त्या आकृतीचे क्षेत्रफळ म्हणजे त्या फेरीतले काम. ही युक्ती कंपनीने कित्येक वर्षे गुप्त ठेवली.

वॅटची बाजू सगळीच उजळ होती असे मी म्हणणार नाही. वडिलांच्या व्यापारात गुलामांच्या व्यापाराचाही पैसा होता, आणि त्या कुटुंबाच्या मिळकतीपासून ते वेगळे काढता येत नाही. पेटंटच्या जोरावर त्याने जोनाथन हॉर्नब्लोअरसारख्या कल्पक इंजिनिअरांना कोर्टात अडवले. जास्त दाबाच्या वाफेला त्याचा विरोध होता. त्या वाफेवर चालणाऱ्या आगगाड्या इतरांनी केल्या, त्याही मुख्यतः पेटंट संपल्यानंतर. मोजणारा माणूस स्वतःच्या हक्काच्या बाबतीत फार काटेकोर निघाला.

१८०० मध्ये तो धंद्यातून बाजूला झाला. उतारवयात एक मुलगी आणि बुद्धिमान धाकटा मुलगा क्षयाने गेले, १८०९ मध्ये बोल्टन गेला. घराच्या माळ्यावरच्या खोलीत म्हातारा वॅट पुतळ्यांच्या नकला कोरणारे यंत्र करीत बसे. जन्मभराची डोकेदुखी म्हणे त्याच काळात बरीच उतरली. २५ ऑगस्ट १८१९ रोजी वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी तो गेला. ती माळ्यावरची खोली हत्यारांसह लंडनच्या सायन्स म्युझियमने उचलून आणून जपली आहे, आणि ती बंद पडणारी प्रतिकृती ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयात आहे. १८८२ मध्ये शक्तीच्या नव्या एककाला त्याचे नाव द्यावे अशी सूचना झाली आणि ती मान्य झाली. गंमत अशी, की ज्याने घोडा मोजला त्याच्याच नावाचे ७४६ वॅट मिळून आता एक घोडा होतो.

* * *

हे सारे नातवाला सांगून झाल्यावर आम्ही दोघे कामाला लागलो. शिवणाच्या दोऱ्याचे रिकामे रीळ खिडकीच्या चौकटीला खिळ्यावर बसवून कप्पी केली. दोऱ्याचे एक टोक इंजिनाच्या दांड्याला गुंडाळले, दुसरे रिळावरून खाली सोडले. शेजारच्या किराणा दुकानातून वजने आणली. टेपने एक मीटरची खूण केली. सेकंद मोजायला मोबाईल होताच.

पन्नास ग्रॅमचे वजन इंजिनाने दोन सेकंदांत मीटरभर उचलले. दोनशे ग्रॅमला चार सेकंद लागले. पाचशे ग्रॅम बांधले तर चाक जागच्या जागी कुंथले आणि थांबले. हिशेब असा: दोनशे ग्रॅमचा भार म्हणजे सुमारे दोन न्यूटन. तो एक मीटर उचलला, चार सेकंद लागले. दोन भागिले चार, अर्धा वॅट. पन्नास ग्रॅमला पाव वॅट. पाचशे ग्रॅमला शून्य, कारण जोर भरपूर लागला तरी वजन हललेच नाही. फार हलक्या ओझ्याला शक्ती दिसत नाही, फार जड ओझ्याला ती उमटत नाही. मधले कुठले तरी ओझे इंजिनाला मानवते. नातवाने भागाकार केला आणि जाहीर केले, की अशी दीड हजार इंजिने जुंपली तर एक घोडा होईल.

मग मी खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने स्पिरिट मोजून घातले. दहा मिलिलिटर दहा मिनिटे पुरले. मिनिटाला एक मिलिलिटर स्पिरिट जळाले तर त्याची उष्णता सुमारे साडेतीनशे वॅट होते. म्हणजे सातशे पैसे खर्चून आम्हाला एक पैशाचे काम मिळत होते. बाकीचे सगळे आमच्या बैठकीची हवा तापवण्यात गेले. अडीचशे वर्षांपूर्वी ग्लासगोच्या त्या खोलीत वॅटला जे कोडे पडले होते, त्याचेच हे नात्यातले कोडे आमच्या पाटावर फिरत होते.

* * *

आता त्या शेतकऱ्याची गोष्ट. १९८० च्या दशकाच्या मध्यास मी नवखा अधिकारी होतो. भूम तालुक्यातल्या एका गावात विहिरीसाठी पाच हॉर्सपॉवरच्या ऑइल इंजिनाचे कर्ज मी मंजूर केले. आमच्या भागात विहीर म्हणजे काळा पाषाण फोडून काढलेली, पाणी खोल. त्याच्या घरी मोट होती आणि ती ओढणारी बैलांची देखणी जोडी होती. इंजिन बसले आणि काही महिन्यांनी तो बँकेत आला. काऊंटरपाशी उभा राहून मला साहेब म्हणत म्हणाला, की पाच घोड्यांचे पाणी काही येत नाही. हे घोडे मोजतात तरी कसे, ते सांगा. मी त्याला कोटेशन दाखवले, बिल दाखवले, इंजिनावरच्या पट्टीचा आकडा दाखवला. सगळीकडे पाचच लिहिलेले होते.

नंतर पाहणीला गेलो, तेव्हा त्याने मला एक गोष्ट करून दाखवली. दोनशे लिटरचे पिंप पाइपखाली ठेवले आणि ते भरेपर्यंत आकडे म्हटले. चाळीस. पाणी पन्नास फूट वर येत होते. मी ते डायरीत लिहून घेतले, कारण पाहणीच्या अहवालात काही तरी लिहायचे असते. इंजिन जागेवर आहे, चालू स्थितीत आहे, असा शेरा मारला आणि मोटारसायकलवर बसून परत आलो. हप्ते थकले. नोटीस गेली. तिच्यावर सही माझी होती. त्याने बैलजोडी विकून बाकी भरली.

नातू झोपल्यावर त्या रात्री मी जुन्या डायऱ्या काढल्या. पान सापडले. दोनशे लिटर, चाळीस सेकंद, पन्नास फूट. म्हणजे सेकंदाला पाच किलो पाणी, सव्वापंधरा मीटर उंच. गुणाकार केला: ७४७ वॅट. एक घोडा, अगदी तंतोतंत. पाच घोडे विकत घेतलेल्या माणसाच्या विहिरीतून एकच घोडा बाहेर येत होता. चांगला पंप असता तर निम्म्याच्या आसपास तरी शक्ती पाण्यात उतरायला हवी होती. उरलेली कुठे गेली? सैल पट्ट्यावर घसरली असेल, अरुंद पाइपात घासली असेल, त्या खोलीला न जुळणाऱ्या पंपात मुरली असेल. इंजिन कदाचित खरोखर पाच घोड्यांचे असेलही. पण हे सारे शोधता आले असते, दुरुस्त करता आले असते. त्यासाठी लागणारे तिन्ही आकडे त्याने पिंप आणि तोंडी मोजणी यांवर मला हातात दिले होते. त्याने वॅटचे काम केले होते. मी फक्त पट्टी वाचली होती.

तो माणूस आता नाही. त्याच्या शेतावर विजेची मोटार आहे असे ऐकतो. मोटेचा धाव कधीच बुजला असेल.

सुटी संपून नातू निघाला, तेव्हा इंजिन पुन्हा कपड्यांच्या घड्यांत गेले. जाण्याआधी त्याने त्याच्या लाकडी पाटाला वहीच्या कागदाची एक पट्टी चिकटवली होती. तिच्यावर त्याच्या वळणदार अक्षरात लिहिले होते: शक्ती अर्धा वॅट, आणि पुढे कंसात एक शब्द, मोजून.

चौतीस वर्षे मी जे कागद हाताळले, त्यांतल्या एकाही आकड्यापुढे तो शब्द नव्हता. मीही कधी तो मागितला नाही.